कोकणातल्या गावातून ऑनलाइन गेम खेळताना पिंग सारखा उडतो. जास्त स्पीडचा प्लॅन घेऊ का?

तुम्ही लिहिलंय : देवगडजवळ सड्याखाली घर, ४० एमबीपीएसचं फायबर, वाय-फायवर लॅपटॉप, गेम व्हॅलोरंट. दिवसा पिंग ४०, रात्री आठनंतर २००, आणि पावसात लाईट गेली की मॅचही गेली.

प्लॅन वाढवू नका. पिंग म्हणजे गेमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. गेमला एक-दोन एमबीपीएस पुरतात. अंतराचाही दोष नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल वळणं घेत हजार किलोमीटर फिरली तरी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. उरलेले १९० वाटेत कुठेतरी रांगेत उभे राहण्यात जातात. ती रांग कुठे लागते ते आधी शोधायचं.

रात्री आठला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत इंग्रजीत ‘ping’ आणि राउटरचा पत्ता लिहा (पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१), दुसरीत ‘ping’ आणि ८.८.८.८, हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. दोन्हींच्या शेवटी ‘-टी’ हा पर्याय इंग्रजीत टाका, म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतं. दहा मिनिटं बघत बसा.

राउटरचाच आकडा १-५ वरून मध्येच ६०-८० वर उड्या मारत असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा धड जात नाही, आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसात पाणी पिऊन बसला की आणखी कमी जातं. खरा उपाय राउटर ते लॅपटॉप थेट कॅट-सिक्स नेटवर्क केबल. एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत ती चालते. घरातून वाशांच्या कडेने न्या, अंगणावरून उघडी टांगू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली तर बाहेरच्या तांब्याच्या तारेत झटका येतो आणि राउटर, लॅपटॉपचा पोर्ट दोन्ही जातात. समुद्राजवळ केबलच्या टोकाचे प्लगही खराब होतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसायला लागलं की आधी प्लगच्या पिना हिरवट पडल्यात का बघा. नवा प्लग क्रिंप करणं स्वस्तातलं काम आहे. केबल शक्यच नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा घ्या, चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. शहरात हा पट्टा शेजाऱ्यांनी भरलेला असतो, पण वाडीत घरं लांब लांब असल्यामुळे तो बराच मोकळा मिळतो.

राउटर शांत आणि ८.८.८.८ उडतंय, तेही घरात कुणी फोन वापरत असतानाच? मग अपलोडची रांग. फोटोंचा बॅकअप किंवा मोठा व्हिडिओ वर चढू लागला की राउटर ती डेटाची पाकिटं आपल्या बफरमध्ये साठवतो आणि गेमचं छोटं पाकीट त्यांच्या मागे अडकतं. ‘रात्री आठनंतर’ या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं, कारण घरातले सगळे फोन त्याच वेळी वाय-फायवर येतात. बॅकअप मध्यरात्रीनंतर होऊ द्या. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (स्पीडला मर्यादा घालायची सोय) असेल तर अपलोड आणि डाउनलोड दोन्हींची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. ४० मिळत असतील तर ३५. थोडा स्पीड जातो, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग स्वतःच छोटी ठेवणारी सोय) असेल तर तेच वापरा, या कामाला त्याहून चांगलं काही नाही.

घरात कुणीच नेट वापरत नाही, तरी रोज त्याच वेळी आकडा चढतो, तर गर्दी पुरवठादाराकडे आहे. मात्र तक्रार करण्याआधी फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या खाली गेलं तर तंतू कुठेतरी दुमडलाय किंवा जोड ओला झालाय. हे लाइनमन दुरुस्त करू शकतो. आकड्यासकट फोटो पाठवलात की तो ‘राउटर बंद-चालू करा’ सांगून सुटत नाही.

लाईटसाठी राउटर आणि फायबरच्या डब्याला मिनी यूपीएस. दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, बहुतेक १२ असतात. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ८८०० एमएएच लिहिलेल्या यूपीएसमध्ये साधारण ३२ वॉट-अवर असतात, म्हणजे दोन्ही मिळून १२-१५ वॉट खात असतील तर दोन तास. घरी इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच राउटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, त्याने बदल पटकन होतो. पण या मोडमध्ये कमी व्होल्टेज त्याला चालत नाही, तो लगेच बॅटरीवर जातो. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी विनाकारण उतरत राहील. म्हणून मला मिनी यूपीएसच बरा वाटतो.

हे सगळं करूनही पिंग ७०-८० राहिला आणि स्थिर असेल, तर खुशाल खेळा. ३० ते १५० नाचणाऱ्यापेक्षा स्थिर ८० कितीतरी चांगला, कारण हाताला उशिराचा अंदाज येतो. व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्समध्ये नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंगच) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पाकिटं) स्क्रीनवर लावून ठेवा. लॉस दिसत असेल तर नेटवर्क बफरिंग मिनिममवरून मॉडरेट करा. समोरचे खेळाडू किंचित उशिरा दिसतील, पण झटके मारत नाहीत.

खेळायची पद्धतही बदला. कोपरा धरून उभा असलेल्याला बाहेर येणारा उशिरा दिसतो. जास्त पिंगवर हा तोटा वाढतो, म्हणून कोपरा धरून बसू नका, स्वतः बाहेर या, गोळी मारा आणि जागा बदला. आडोशाला गेल्यावर लगेच थांबू नका, आणखी दोन पावलं आत जा. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही लपलेले असता, तेव्हा सर्व्हरच्या हिशोबात अजून उघड्यावर असू शकता, भिंतीमागे मेल्यासारखं वाटतं ते याचमुळे. स्मोक टाकणारा किंवा माहिती काढणारा एजंट (गेममधलं पात्र) घ्या, तिथे क्षणाचा उशीर कमी नडतो.

फायबर तुटलंच तर फोन यूएसबी टेदरिंगने जोडा आणि मॅचमध्ये रीकनेक्ट करा. टॉवर सड्यावर आणि घर उताराखाली असेल तर सिग्नल डोंगराच्या आड जातो. फोन माळ्यावरच्या खिडकीत ठेवून लांब केबल खाली आणा, आणि ४जी-५जीची अदलाबदल थांबवायला सेटिंगमध्ये फक्त ४जी ठेवा. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर एवढी गर्दी होते की हाही मार्ग भरवशाचा राहत नाही. त्या दिवसांत कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे रँकची मॅच, लावू नका, मध्येच बाहेर पडल्याची शिक्षा अकाउंटला लागते. डेथमॅच खेळा.