ॲमस्टरडॅममधलं रेम्ब्रांटचं घर गाईड न घेता बघायचं आहे. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की ॲमस्टरडॅममध्ये एकच मोकळा दिवस आहे, सोबत सत्तरीतले वडील आहेत, ग्रुप टूर नको आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की 'त्या घरात रेम्ब्रांटची चित्रं नाहीतच, कशाला जाता?' नोकरीनिमित्त मी काही काळ नेदरलँड्समध्ये होतो आणि पाहुण्यांना घेऊन या घरात बऱ्याचदा गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सतराव्या शतकातला हा डच चित्रकार जिथे राहायचा त्या घरात जरूर जा, पण चित्रं बघायला जाऊ नका. सांगणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे: त्याची गाजलेली तैलचित्रं तिथे नाहीत. 'नाइट वॉच', 'ज्यूइश ब्राइड', कापडव्यापाऱ्यांच्या तपासनिसांचं ते १६६२ चं समूहचित्र हे सगळं राइक्सम्युझियम या ॲमस्टरडॅममधल्याच मोठ्या कलासंग्रहालयात आहे. घरातल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत खऱ्या, पण ती बहुतेक त्याचा गुरू पीटर लास्टमन, त्याचे शिष्य आणि त्याच्या काळातले इतर चित्रकार यांची. एवढंच नाही, खुर्च्या, कपाटं, पलंग हेही त्याचे नाहीत. त्याच काळातल्या वस्तू गोळा करून घर पुन्हा मांडलंय. हे कळल्यावर काही लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मला मात्र हे घर आवडतं ते याच कारणामुळे, कारण मांडणी कुणाच्या कल्पनेतून आलेली नाही, जप्तीच्या यादीवरून केलेली आहे.

त्याची हकीकत अशी. १६३९ मध्ये रेम्ब्रांटने हे घर १३,००० गिल्डरना (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच नाणं) घेतलं. वय बत्तीस, शहरात नाव झालेलं, बायको सास्किया चांगल्या घरची. रक्कम हप्त्यांनी फेडायची होती. हप्ते थकत गेले, आणि दुसरीकडे लिलावात जाऊन चित्रं, छाप, शस्त्रं, शिंपले, पुतळे विकत घेण्याचा नाद काही सुटला नाही. १६५२ ते १६५४ च्या इंग्लंडबरोबरच्या युद्धात हॉलंडचा व्यापार बसला, ज्यांची देणी होती ते दाराशी आले. १६५६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्याच वर्षी, रेम्ब्रांटने दिवाळं जाहीर केलं. जुलै महिन्यात सरकारी माणसं घरात आली आणि खोलीखोलीतून फिरत एकेक वस्तू लिहून घेतली. ३६३ नोंदी झाल्या. दर्शनी दालनात काय, मागच्या खोलीत काय, मोठ्या स्टुडिओत काय, स्वयंपाकघरात काय, सगळं. शेवटी धुवायला दिलेल्या कपड्यांचीसुद्धा नोंद आहे. मग सगळ्याचा लिलाव झाला आणि १६५८ मध्ये घरही गेलं, तेही अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे घेतल्या किमतीपेक्षा कमीला.

त्या पंचनाम्याचा कागद टिकला. नव्वदच्या दशकात घराचा आतला भाग सतराव्या शतकासारखा करायचं ठरलं, तेव्हा कुठल्या खोलीत काय होतं हे विचारायला तो होताच. म्हणून तुमची खरी तयारी एकच: ही यादी आदल्या रात्री वाचा. इंटरनेटवर इंग्रजी भाषांतरासह मिळते, 'रेम्ब्रांट १६५६ इन्व्हेंटरी' असं शोधा. अर्धा-पाऊण तास लागेल. नुसती नजर फिरवली तरी चालेल, फक्त खोल्यांची नावं आणि तिथल्या दोन-तीन वस्तू लक्षात ठेवा. ज्यांनी ती वाचलेली नसते ते प्रत्येक खोलीत मिनिटभर उभे राहतात, फोटो काढतात, पुढे सरकतात आणि बाहेर येऊन 'ठीक होतं' म्हणतात.

गाईड न घेण्याचा तुमचा विचार इथे योग्यच आहे. घर लहान आहे. खोलीत वीस माणसांचा घोळका शिरला की कुणालाच काही दिसत नाही. ऑडिओ टूर तिकिटातच मिळते आणि ती चांगली आहे. मराठीत नाही अर्थात. वडिलांना इंग्रजी निवेदन ऐकायचा कंटाळा असेल, तर तुम्ही आधी वाचलेलं त्यांना मराठीत सांगत चला, त्यात जास्त मजा येते.

आता आत बघायचं काय. सगळं नाही सांगत, जिथे थांबावं असं मला वाटतं तेवढंच.

खालचं स्वयंपाकघर चटकन होतं. वरच्या बाजूला पाहुण्यांना बसवायच्या आणि चित्रं विकायच्या खोल्या आहेत. रेम्ब्रांट स्वतःच्या चित्रांखेरीज इतरांच्या चित्रांचाही व्यापार करायचा, त्यामुळे दर्शनी भाग हा जवळपास दुकानच होता. बैठकीच्या खोलीत भिंतीतल्या कपाटासारखा बंदिस्त पलंग दिसेल. सास्कियाची बरीच आजारपणं याच घरात गेली. अंथरुणाला खिळलेल्या तिची त्याने काढलेली रेखाटनं आहेत, ती शक्य असेल तर आधी बघून जा. १६४२ मध्ये ती याच घरात वारली, वय अवघं एकोणतीस. चार मुलांपैकी एकटा टायटस वाचला. आणि 'नाइट वॉच'चं सालही तेच, १६४२. ते चित्र उंचीलाच साडेतीन मीटरहून जास्त आहे, स्टुडिओत मावणारं नव्हतं, त्यामुळे मागच्या अंगणातल्या आडोशाला रंगवलं असावं असं मानतात.

मोठा स्टुडिओ वरच्या मजल्यावर आहे आणि इथे घाई करू नका. खिडक्यांतून उत्तरेचा प्रकाश येतो. उत्तरेचा प्रकाश दिवसभर साधारण एकसारखा राहतो, थेट ऊन येत नाही, सावल्या सरकत नाहीत, म्हणून चित्रकाराला तो हवा असतो. एका जागी उभं राहून वडिलांना खिडकीजवळ उभं करा आणि त्यांच्या चेहऱ्याचा एक गाल उजळ, दुसरा अंधारात कसा जातो ते बघा. त्याच्या व्यक्तिचित्रांतला प्रकाश कुठून येतो याचं उत्तर तिथे मिळतं. रंग कसे तयार करत हेही इथे दाखवतात: खनिजाची पूड, जवसाचं तेल, दगडी पाटा आणि वाटण्याचा दगड. तयार नळ्या तेव्हा नव्हत्याच, लागेल तेवढा रंग रोज घोटायचा.

यानंतर एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून काढलेले छाप. माझ्या मते घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि इथे वस्तू नकली नाहीत. रेम्ब्रांटने सुमारे २९० एचिंग केली आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांचे छाप या संग्रहालयाकडे आहेत. अर्थात कागद प्रकाशाने खराब होतो, म्हणून एका वेळी थोडेच लावतात. आधी प्रात्यक्षिक बघा, मग छाप. उलट केलंत तर छाप म्हणजे नुसत्या काळ्या रेघा वाटतील. प्रात्यक्षिकात तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर देतात, त्यावर सुईने रेघ ओढतात, म्हणजे तेवढ्यापुरतं तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात बुडवला की उघडी रेघ खाल्ली जाते आणि खोल होते. मग शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि लाकडी प्रेसमधून काढायचा. छाप निघतो तो आरशातल्यासारखा उलटा. कागद सोलून वर घेतात त्या क्षणी आजूबाजूची सगळी माणसं हमखास पुढे सरकतात. करून दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा, ही मंडळी उत्साहाने बोलतात. प्रात्यक्षिकांच्या वेळा आत शिरतानाच विचारून घ्या आणि बाकीचा क्रम त्याप्रमाणे बसवा.

छाप बघताना एकच युक्ती सांगतो. एकाच चित्राचे दोन छाप शेजारी लावलेले दिसले तर तिथे पाच मिनिटं घालवा. रेम्ब्रांट पत्रा खोडायचा, पुन्हा कोरायचा, मधल्या प्रत्येक टप्प्याचे छाप काढून विकायचा. कुठे आख्खी माणसं गायब होतात, कुठे दिवसाची रात्र होते. कधी तो जपानी कागद वापरायचा, जो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. त्यावर शाई मऊ, उबदार दिसते.

त्या जहाजांतून आणखी काय काय आलं ते त्याच्या संग्रहाच्या खोलीत कळतं. रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शिंपले, प्रवाळ, भाले, शिरस्त्राणं, पृथ्वीगोल, आणि राफेल, मांतेन्या अशा इटालियन चित्रकारांच्या छापांच्या जाडजूड वह्या. आपल्या दृष्टीने गंमत म्हणजे रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रं पाहून रेखाटनं केली होती. त्यांतली वीसहून जास्त आज टिकून आहेत, १६५० च्या दशकाच्या शेवटाची, आशियाई कागदावर. त्यांत शाहजहान आहे, आणि शाहजहान तेव्हा हयात होता. ही रेखाटनं जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत, घरात ती दिसतील असं धरून चालू नका. पण मोबाईलवर एक-दोन काढून ठेवा आणि या खोलीत उभं राहून बघा. हा माणूस भारतात सोडा, नेदरलँड्सबाहेर गेल्याचीही नोंद नाही, आणि दिल्लीच्या दरबारातल्या चित्रकाराची रेघ समजून घ्यायला बसला होता. माझ्यासोबत आलेल्या प्रत्येकाला घरातलं सगळ्यात जास्त हेच लक्षात राहिलं.

आणि खरोखर त्याच्या घरातलं काय, असं वडिलांनी विचारलं तर मातीची दोन भांडी दाखवा. अंगणातल्या जुन्या संडासाच्या खड्ड्यात उत्खननात सापडली, आत कॅनव्हासला देतात त्या अस्तराचे अवशेष चिकटलेले होते. काचेत ठेवलेली असतात, लोक त्यांच्याकडे न बघताच पुढे जातात.

व्यवहाराचं बोलायचं तर: तिकीट आधी ऑनलाइन काढा, वेळ निवडून. शक्यतो उघडतानाची वेळ घ्या. दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, संकेतस्थळावरच बघा. पाठीवरची मोठी बॅग आत नेता येत नाही, लॉकर असतात. सगळं निवांत बघायला दीड ते दोन तास पुरतात. सेंट्रल स्टेशनवरून मेट्रोने वॉटरलूप्लेन दुसरं स्टेशन, किंवा सेंट्रलवरूनच पायी साधारण पंधरा मिनिटं. एक सावधगिरी: नकाशात नाव बघून रेम्ब्रांटप्लेनला उतरू नका. तिथे त्याचा पुतळा आहे, घर नाही. घर योडनब्रेस्ट्राटवर आहे.

जिने मात्र गांभीर्याने घ्या. जुन्या घराला लिफ्ट नाही. जिने अरुंद, वळणाचे आणि उंच पायऱ्यांचे आहेत, चढण्यापेक्षा उतरताना जड जातात. लिफ्ट आहे ती शेजारच्या नव्या इमारतीत, जिथे प्रदर्शनं भरतात. वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर खालचे मजले आणि नवी इमारत त्यांनी बघावी, वरचा स्टुडिओ तुम्ही एकट्याने उरकून या. रांगेत मागून माणसं येत असतात म्हणून त्यांनी घाईने पायरी उतरू नये, मागच्याला पुढे जाऊ द्यावं. डच माणसं याचा राग मानत नाहीत.

दिवस एकच असेल तर सकाळी घर, दुपारी राइक्सम्युझियम असा क्रम ठेवा. खिडकीचा प्रकाश आणि रंग घोटणं पाहून गेलात की तिथली चित्रं वेगळी दिसतात. राइक्सम्युझियमचं तिकीटही वेळेनुसार असतं, दोन्हींत जेवणाला धरून अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. तिथे सगळं बघायचा हट्ट नको, रेम्ब्रांटच्या खोल्या बघा आणि बाहेर पडा.

पायांत जोर उरला तर घराजवळच झाउडरकेर्क हे चर्च आहे, त्याची तान्हेपणी गेलेली तीन मुलं तिथे पुरली आहेत. सास्कियाची कबर आउडेकेर्क या दुसऱ्या चर्चमध्ये होती. १६६२ मध्ये पैशांची इतकी चणचण होती की तिची कबरीची जागाच त्याने विकली. तोवर तो रोझेनग्राख्तला भाड्याच्या घरात राहायला गेला होता. सावकारांनी नवी चित्रं जप्त करू नयेत म्हणून टायटस आणि हेंड्रिक्ये, जी सास्कियानंतर त्याच्यासोबत राहत होती, या दोघांनी एक पेढी काढली आणि रेम्ब्रांट कागदोपत्री त्या पेढीचा नोकर झाला. १६६९ मध्ये तो गेला आणि वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या कबरीत पुरला गेला, नेमकी जागा आज कुणाला सांगता येत नाही. वेस्टरकेर्क ॲन फ्रँकच्या घराला लागूनच आहे. ते घरही बघायचा विचार असेल तर त्याची तिकिटं पार आधी संपतात आणि दारात मिळत नाहीत, त्यामुळे ते याच दिवसात बसवायच्या फंदात पडू नका.

घराजवळच वॉटरलूप्लेनचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, रविवारी तो नसतो. वडिलांना जुनी हत्यारं, घड्याळं, कॅमेरे असल्या गोष्टींची आवड असेल तर वार बघून दिवस ठरवा.