आकुमा म्हणजे सैतान नव्हे, तो आपला मार

प्रश्न आला आहे तो असा: ‘मेगामी तेन्सेई’ या जपानी गेम-मालिकेच्या नावाचा अर्थ ‘देवीचा अवतार’ असा सांगतात, तो बरोबर का? आणि तिच्यात भेटणाऱ्या देव-दैत्यांना जे ‘आकुमा’ म्हणतात, त्याला मराठीत सैतान म्हणावं की राक्षस?

अवतार मुळीच नाही. हल्ली कुठलाही पुनर्जन्म दिसला की लोक त्याला अवतार म्हणून मोकळे होतात, आणि मला ते ऐकवत नाही. अवतार म्हणजे उतरणं. देव आपणहून, पूर्ण भानावर राहून खाली येतो. ‘तेन्सेई’तलं ‘तेन’ म्हणजे फिरणं आणि ‘सेई’ म्हणजे जन्म. आपल्याकडे यासाठी ‘जन्माचा फेरा’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, तो सोडून दुसरीकडे जायचं कशाला? मालिकेचा उगम आया निशितानी यांच्या १९८६च्या कादंबरीत आहे. तिच्यातली शाळकरी युमिको ही इझानामी देवीचा पुनर्जन्म असते, पण आपण कोण हे तिला आधी ठाऊकही नसतं. असा कुठे अवतार असतो? पुढच्याच वर्षी अ‍ॅटलस कंपनीने बनवलेला गेम नाम्को कंपनीने फॅमिकॉम या गेमयंत्रावर आणला. १९९२मध्ये नावाआधी ‘खरा’ या अर्थाचा ‘शिन’ लागला, १९९६मध्ये ‘पर्सोना’ ही शाखा फुटली. नावापुरतं एवढं पुरे.

आता आकुमा. ‘आकु’ म्हणजे वाईट, ते सोडून द्या. खरी गंमत ‘मा’मध्ये आहे. हा ‘मा’ जपानी नाही आणि मुळात चिनीही नाही. तो आपला ‘मार’ आहे! बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला उठवायला फौज आणि मुली घेऊन आलेला, ‘मरणे’ या अर्थाच्या ‘मृ’ धातूतून निघालेला मार. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना या नावासाठी अक्षरच नव्हतं, म्हणून उच्चार जुळणारं ‘दळणे’ या अर्थाचं अक्षर आधी वापरलं. त्याच्या वरच्या भागातून ‘मा’ हा उच्चार मिळायचा आणि खाली ‘दगड’ होता. मग तो दगड काढून तिथे ‘भूत’ बसवलं. हा बदल सहाव्या शतकातल्या लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने केला, असं परंपरा सांगते. म्हणजे एका संस्कृत नावासाठी नवं अक्षर घडवलं गेलं, आणि चिनी अक्षरं जपानीतही चालतात म्हणून आज जपानी गेममधली जादू, म्हणजे ‘माहो’, आणि शेवटचा शत्रू ‘माओ’ दोघेही त्याच अक्षराने लिहिले जातात.

‘माहो’ हा ‘मॅजिक’वरून आला असं ठणकावून सांगणारे भेटतात. साफ चूक. ‘मॅजिक’चं मूळ ग्रीकमधून जुन्या इराणी ‘मगु’पर्यंत, म्हणजे पुरोहितापर्यंत जातं. दोन्हींत ‘म’ आहे एवढंच त्यांचं नातं.

मालिकेत ‘मारा’ नावाचा एक आकुमाही आहे. रथात बसलेला, हिरवा, आणि आकार थेट पुरुषाच्या लिंगाचा. लोक त्याला निव्वळ चावटपणा समजतात. पण जपानी भिक्षूंच्या आपसातल्या बोलीत ‘मारा’ हा त्या अवयवाचाच शब्द होता, कारण साधनेत विघ्न आणणारा तोच. काही कोशकार हा शब्द मलमूत्रविसर्जनाच्या एका जुन्या जपानी क्रियापदावरून काढतात. मला ते अजिबात पटत नाही. अमरकोशात कामदेवाच्या नावांत ‘मार’ आहे आणि बुद्धाच्या नावांत ‘मारजित्’ आहे. काम आणि विघ्न एकाच नावात आधीपासून नांदत असताना क्रियापदं धुंडाळत बसायची गरज काय?

माझं तर पुढचंही एक मत आहे. या मालिकेत आकुमाला नुसतं मारत नाहीत. त्याच्याशी बोलतात, घासाघीस करतात, त्याला आपल्या बाजूला घेतात आणि दोन आकुमा एकत्र करून तिसरा घडवतात. हे १९८७पासून चालू आहे, पोकेमॉनच्या नऊ वर्षं आधीपासून. पाली सूत्रांत मार आला की बुद्ध शस्त्र उचलत नाहीत, ‘मी तुला ओळखलं’ एवढंच म्हणतात आणि तो खिन्न होऊन निघून जातो. संस्कृत कथेतला बौद्ध भिक्षू उपगुप्त तर माराला चक्क भक्त बनवतो. आकुमाशी बोलण्याची ही रीत त्याच मुशीतली आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सैतान शब्दाने हे सगळं पुसलं जातं. शिवाय मालिकेत खुद्द सेटन, म्हणजे बायबलमधला सैतान, वेगळा आहे, राक्षसही वेगळा आहे. विष्णू आणि शिवसुद्धा तिथे आकुमांच्याच यादीत येतात, त्यांना सैतान म्हणणार का? सरळ ‘आकुमा’ ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘मार’ची ओळख करून द्या.

गेल्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात उभा होतो. डाव्या भिंतीवर, पहुडलेल्या बुद्धाच्या जवळच, मारविजयाचं शिल्प आहे. वर हत्तीवरून आलेला मार, खाली नाचणाऱ्या त्याच्या मुली. शेजारी एक वाटाड्या शाळेच्या मुलांना सांगत होता, ‘हा सैतान.’ मी न राहवून मध्येच म्हणालो, ‘मार म्हणा हो, मार.’ एका मुलीने लगेच ते वहीत लिहून घेतलं.