कोकणात चर्चच्या रिकाम्या जमिनीवर परवडणारी घरं बांधता येतील का, कॅलिफोर्नियात बांधतात तशी?

येतील, पण तिथल्याइतकं सोपं नाही. कॅलिफोर्नियात 2023 साली एसबी 4 कायदा झाला, 1 जानेवारी 2024 पासून लागू. चर्चच्या पार्किंगसारख्या मोकळ्या जागेत कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरं उभारायची, तर झोन (जमिनीचा ठरवून दिलेला वापर) बदलून घ्यायची कटकट नाही. भाड्याची घरं असतील तर भाडं मात्र 55 वर्षं आवाक्यात ठेवावं लागतं.

आपल्याकडे घोडं अडतं कागदावर. जमीन सार्वजनिक ट्रस्टची असेल तर महाराष्ट्राच्या 1950 च्या विश्वस्त कायद्याचं कलम 36 आडवं येतं. बिगरशेती जागा 3 वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची किंवा विकायची, तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी. रेवदंडा-कोर्लईसारख्या किनाऱ्यावर त्यात भर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची. आणि सातबारा काढलात की 'इतर हक्कां'त बरेचदा कुळाचं नाव निघतं (देवस्थानांच्या जमिनींचीही हीच रड).

माझं विचाराल तर जमीन अजिबात विकू नये, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानेच द्यावी. एकदा विकली की तिथे मुंबईकरांची सेकंड होम उभी राहतात, गावातला मच्छीमार आहे तिथेच. सुरुवातीला सातबारा आणि ट्रस्टचा शेड्युल-1 चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टच्या मालमत्तेची नोंद) काढून दोन्हीकडचा सर्व्हे नंबर जुळतो का, तेवढं बघा.