पिट्सबर्ग पायरेट्सला यंदा धावा कुठून मिळणार?

प्रश्न : आमची मुलगी व जावई पिट्सबर्गला असतात आणि मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. तिथला बेसबॉल संघ पायरेट्स 2025 मध्ये आपल्या विभागात तळाला होता, तरी यंदा तो बाद फेरी गाठणार, असे जावईबापू छातीठोकपणे सांगतात. पॉल स्कीन्ससारखा पिचर (चेंडू टाकणारा) असताना हा संघ हरतो कसा, आणि आयुष्यभर क्रिकेट पाहिलेल्या माणसाने 2026 च्या हंगामाचा अंदाज कशावरून बांधावा?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जावईबापूंचा आशावाद अगदीच हवेतला नाही, मात्र त्याला आधार शोधायचा तर तो स्कीन्समध्ये नव्हे, फलंदाजीत शोधावा लागेल. 2025 मध्ये स्कीन्सने 32 सामन्यांची सुरुवात केली, 216 फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि, क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळता, दर 9 डावांमागे अवघ्या 1.97 धावा दिल्या. नॅशनल लीगमधील (अमेरिकी बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. एवढे करूनही त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागले, कारण तो धावा रोखू शकतो, काढून देऊ शकत नाही. शिवाय सुरुवातीचा पिचर पाच-सहा दिवसांतून एकदाच उतरत असल्यामुळे 162 सामन्यांपैकी उरलेल्या 130 सामन्यांत तो बसूनच असतो; आपल्याकडचा मुख्य गोलंदाज जसा प्रत्येक कसोटीत हाताशी असतो, तशी सोय बेसबॉलमध्ये नाही.

खरे दुखणे पुढे आहे. गेल्या हंगामात पायरेट्सने 583 धावा केल्या आणि 117 होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके) मारले, आणि हे दोन्ही आकडे 30 संघांत सर्वांत कमी होते. उलट त्यांनी दिलेल्या धावा 645, म्हणजे बऱ्याच चांगल्या. बेसबॉलमधील आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी रूढ केलेला एक हिशेब येथे उपयोगी पडतो : केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की विजयांचे अपेक्षित प्रमाण मिळते. या हिशेबाने पायरेट्सचे सुमारे 73 विजय व्हायला हवे होते. प्रत्यक्षात 71 झाले, तेव्हा दैवाला फारसा दोष देता येत नाही. आता दिलेल्या धावा तेवढ्याच ठेवून केलेल्या धावा 680 वर नेऊन पाहा, विजय 85 च्या आसपास येतात. 2025 मध्ये सिनसिनाटी रेड्सने नॅशनल लीगमधील बाद फेरीची शेवटची जागा 83 विजयांवर मिळवली होती. याचा अर्थ सामन्यामागे सरासरी 3.6 धावा काढणाऱ्या संघाला 4.2 पर्यंत जायचे आहे.

त्यासाठी संघाने टँपा बे रेजकडून ब्रँडन लाउ आणला आणि रायन ओहर्नला करारबद्ध केले. दोघेही डावखुरे फलंदाज आहेत, म्हणजे त्यांचे जोरदार फटके सहसा उजवीकडे जातात, आणि हे महत्त्वाचे आहे. पायरेट्सच्या पीएनसी पार्क या मैदानावर उजवीकडची भिंत संघाचे दिवंगत खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या जर्सीवरील 21 क्रमांकाच्या सन्मानार्थ 21 फूट उंच असली, तरी त्या कोपऱ्यात ती 320 फुटांवरच आहे. डावीकडे मध्याजवळ मात्र मैदान 410 फुटांपर्यंत खोल जाते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे कितीतरी फटके तिथे झेलले जातात. लाउच्या गेल्या वर्षीच्या 31 होमरनकडे मी तरी थोडे जपूनच पाहीन. चक्रीवादळाने रेजच्या मैदानाचे छत उडाल्यामुळे तो संघ पूर्ण हंगाम न्यूयॉर्क यँकीज संघाच्या सराव मैदानावर खेळला, आणि तिथे उजवी कड 314 फुटांवरच आहे.

त्यापेक्षा मोठा प्रश्न पायरेट्सचाच फलंदाज ओनील क्रूझ याचा आहे. मे 2025 मध्ये त्याने मारलेला एक फटका बॅटवरून ताशी 122.9 मैल वेगाने निघाला, मोजमाप सुरू झाल्यापासूनचा तो सर्वांत वेगवान फटका. पण संपूर्ण हंगामात त्याची सरासरी .200 एवढीच राहिली, म्हणजे दर दहा प्रयत्नांत दोनच यशस्वी फटके. डावखुऱ्या पिचरपुढे तो उभा राहू शकला, तर वर सांगितलेल्या शंभर धावांतील मोठा वाटा त्याच्याकडूनच यावा. कॉनर ग्रिफिन हा 19 वर्षांचा मुलगा कनिष्ठ संघांतून गाजत आला आहे. त्याच्याकडून काही मिळाले तर ते वरकड समजावे. पिचिंगमध्ये बबा चँडलर नव्या दमाचा आहे आणि त्या बाजूची मला चिंता वाटत नाही.

फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथे होणाऱ्या सराव सामन्यांचे निकाल मनावर घेऊ नयेत. तिथे नेहमीचे खेळाडू काही डाव खेळून बाहेर पडतात. मेअखेर एक तृतीयांश हंगाम उरकलेला असेल. तेव्हा गुणतालिकेऐवजी सामन्यामागच्या धावा पाहाव्यात, आणि त्या चारच्या खाली असतील तर जावईबापूंशी पैज लावायला हरकत नाही. 2025 मध्ये जुलैअखेर याच संघाने पिचर डेव्हिड बेडनार आणि क्षेत्ररक्षणात नावाजलेला कीब्रायन हेज यांना दुसऱ्या संघांकडे पाठवले होते. यंदा त्या सुमारास व्यवस्थापन खेळाडू विकते की घेते, यावरून त्यांचा स्वतःचा अंदाज उघड होईल.

प्रश्न : जाण्यापूर्वी हे सामने पुण्यातून कोणत्या वेळी पाहता येतील?
— तेच वाचक

उत्तर : पिट्सबर्गला संध्याकाळी 6.40 ला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 4.10 ला लागतो. दुपारी 12.35 चा सामना मात्र रात्री 10.05 ला असतो. जेवणे आटोपून निवांत पाहता येईल असा तोच.