पंपाची सवय लागेल म्हणून कपाटात ठेवलाय?

गोवंडीतल्या एका मनपा शाळेत मी समुपदेशनाला जाते. दम्याच्या मुलांच्या आया पंपाबद्दल, म्हणजे इन्हेलरबद्दल, एकच गोष्ट विचारतात, "मॅडम, पंप एकदा सुरू केला की आयुष्यभर सुटत नाही ना?"

पाचवीतली एक मुलगी माझ्याकडे आली ती आळशी म्हणून. पीटीला बसून राहते, वर्गात पेंगते, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. बोलता बोलता कळलं की रात्रभर खोकते, झोपच होत नाही, आणि धावलं की छातीत शिट्टी वाजते ती मुलं ऐकतात म्हणून ती धावतच नाही. दवाखान्यातून पंप मिळाला होता पण तो घरी कपाटात साड्यांच्या खाली.

आईला बोलावलं. चार घरची धुणीभांडी, शाळेत यायचं म्हणजे एक खाडा. मी लगेच समजवायला नाही बसले, आधी विचारलं की भीती नेमकी कसली वाटते. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात चार लोकांत पंप ओढला तर दमेकरी म्हणून नाव पडेल, उद्या लग्न कोण करणार?" सवयीचं कारण वरवरचं होतं, खरी काळजी ही होती आणि ती मला अजिबात खुळी वाटली नाही.

मग सांगितलं की ताई, ही सवय नाही, श्वासनळीला आतून सूज असते, औषध थांबवलं की सूज परत येते आणि आपल्याला वाटतं की सवय लागली. त्या पोरीला गोळी देत होत्या, 4 मिलिग्रॅमची. निळ्या पंपाच्या एका पफमधे, म्हणजे एका फवाऱ्यात, तेच श्वासनळी मोकळी करणारं औषध, सालब्युटामॉल, 100 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे गोळीत 40 पट! हे ऐकून त्या सरळ होऊन बसल्या. दुसरा पंप, सूज कमी करणारा, तो रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद नाही करायचा, आणि घेतल्यावर चूळ भरायची. निळा पंप सारखा सारखा लागायला लागला तर डॉक्टरांकडे जायचंच.

पंपाला स्पेसर लावतात, म्हणजे एक पोकळ नळा, औषध त्यात सोडून मग श्वासातून आत घ्यायचं. तो विकत घ्यायला पैसे नव्हते. डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून दिलं, पोरगी बाटलीच्या तोंडातून श्वास घेते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे तपासून बघितलंय, काम चांगलं होतं.

शाळेचं वेगळंच. वर्गाच्या बाई म्हणाल्या शाळेत पंप दिला आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची? त्यांचंही चूक नाही, कोणी शिकवलंच नाही त्यांना. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली, किती पफ, कधी, आणि वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळे दिसले तर आईची वाट न बघता 108 ला फोन, तोवर ताठ बसवायचं, आडवं नाही करायचं. चिठ्ठी आणि बाटली बाईंच्या ड्रॉवरमधे, कुलूप न लावता. झाडू मुलं यायच्या आधी मारायला लागले, शेजारी कचरा जळत असेल तर त्या बाजूची खिडकी बंद, एवढं तर आपल्या हातात आहे ना.

पोरगी आता रोज येते. पीटीला अजून अर्धीच धावते. सासूबाईंची कुरकुर चालूच आहे, पुढच्या शनिवारी त्यांनाच शाळेत बोलावलंय.