परिचारिका दिनाच्या भाषणासाठी नाइटिंगेलशिवाय दुसरी कोणती नर्स घेता येईल?

तुम्ही विचारलंय की १२ मेला नर्सिंग कॉलेजात बोलायचंय, नाइटिंगेलबाईंवर दरवर्षी सगळेच बोलतात, तर देशोदेशी फिरलेली आणि घरातूनच हा वारसा मिळालेली दुसरी कोणी सुचवा. मी स्वतः सरकारी हॉस्पिटलात सिस्टर आहे, आणि माझ्या डोक्यात लगेच एकच नाव येतं, मेरी सीकोल.

जन्म १८०५, किंग्स्टन, जमैका. तेव्हा तिथे गुलामगिरी चालू होती, ब्रिटिशांनी ती कायद्याने बंद केली १८३४ ला. मेरीची आई मात्र स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई, वडील स्कॉटिश सैनिक. आई ब्लंडेल हॉल नावाचं बोर्डिंग हाऊस चालवायची आणि तिथेच आजारी ब्रिटिश अधिकाऱ्यांवर उपचार करायची. अशा बायकांना तिकडे डॉक्ट्रेस म्हणायचे, आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं झाडपाल्याचं ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. कुबा कॉर्नवॉलिस नावाच्या अशाच एका डॉक्ट्रेसने तरुण नेल्सनला, म्हणजे पुढे अ‍ॅडमिरल झालेल्या नेल्सनलाच, मरणाच्या दारातून परत आणलं होतं. मेरी लहानपणी आईचं बघून बाहुलीवर उपचार करायची, मग घरातल्या कुत्र्या-मांजरांवर. नाइटिंगेलचं ट्रेनिंग स्कूल निघालं १८६० मध्ये, त्याच्या कितीतरी आधी ही मुलगी आईच्या हाताखाली तयार झालेली, म्हणून तिला कोणी काळी नाइटिंगेल म्हणलं की मला खूप लागतं, तिचं घराणंच वेगळं आहे हो.

फिरली किती तर लंडन, बहामा, हैती, क्युबा, आणि लोणची-मुरंबे विकून स्वतःचा खर्च स्वतः काढला. १८५० मध्ये जमैकात कॉलराची भयंकर साथ आली, नंतर ती भावाकडे पनामाला गेली, तो क्रुसेस गावात हॉटेल चालवायचा, तर तिथेही कॉलरा. गावात धड डॉक्टर नव्हता, हीच घरोघर जायची. वर्षभराचं एक अनाथ बाळ तिच्याजवळच दगावलं तेव्हा पुरणाऱ्या माणसाला पैसे देऊन तिने गुपचूप त्याचं शवविच्छेदन केलं, रोग आत नेमकं काय करतो ते बघायला. तिच्या औषधांत कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध होतं, ते आज आपण कोणाला देणार नाही, आणि आपले काही उपचार चुकले हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. पण ती दालचिनी घालून उकळलेलं पाणी पाजत राहायची, आणि कॉलरात शरीरातलं पाणी भरून काढणं किती महत्त्वाचं ते डायरिया वॉर्डात ड्युटी केलेल्या कोणालाही विचारा.

तिथेच एका जेवणात एका अमेरिकनाने तिचे आभार मानताना म्हणलं की हिला धुवून गोरी करता आलं असतं तर बरं झालं असतं. तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं, की माझा रंग आणखी कितीही काळा असता तरी मी तेवढीच सुखी आणि तेवढीच उपयोगी राहिले असते. भरल्या पंगतीत, सगळे गोरे पुरुष बसलेले असताना!

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी, म्हणजे ब्रिटन आणि मित्रदेश विरुद्ध रशिया अशा लढाईसाठी, नर्स म्हणून जायला लंडनला अर्ज केले, सगळीकडून नकार, आणि याला आपला रंग तर कारण नाही ना हा प्रश्न तिने लिहून ठेवलाय. मग स्वतःच्या पैशाने गेली. क्रिमियातल्या बालाक्लाव्हा बंदराजवळ भंगारातल्या लाकूड-पत्र्यातून ब्रिटिश हॉटेल उभं केलं, तिथे जेवण, दारू, सामान विकायची आणि सैनिकांना औषधपाणी करायची, लढाई झाली की पिशवी घेऊन मैदानात. जखमी रशियनांनासुद्धा बघायची, एकाच्या जबड्यातली गोळी चाचपताना त्याने मरता मरता तिचं बोट चावलं, तो व्रण शेवटपर्यंत राहिला.

काही लोक म्हणतात ती नर्स नव्हतीच, हॉटेलवाली होती. हॉटेल होतं हे खरंच आहे, ते लपवू नका. पण हॉटेल आणि दवाखाना एका छपराखाली हीच तर तिच्या आईची पद्धत, ब्लंडेल हॉलमध्ये दुसरं काय चालायचं? मला तरी ती नर्सच वाटते.

१८५६ ला युद्ध संपलं आणि ती दिवाळखोर झाली. सैनिकांनी तिच्यासाठी पैसे जमवले, १८५७ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं, त्याच वर्षीच्या उठावानंतर भारतात येऊन जखमींची सेवा करायची तिची इच्छा होती पण ते जमलं नाही. १८८१ मध्ये लंडनला वारली आणि जवळपास शंभर वर्षं विसरली गेली. २०१६ पासून तिचा पुतळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलसमोर आहे, नाइटिंगेलचं स्कूल निघालं त्याच हॉस्पिटलच्या आवारात.

भाषणाला दहाच मिनिटं असतील तर युद्धाचा भाग थोडक्यात आटपा आणि आई आणि पनामा नीट सांगा, विद्यार्थिनींना तेच जास्त भिडेल.