ड्रममधलं बोर्डो: मिश्रण का संयुग?

प्रश्न: नमस्कार. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. लेकरू आठवीला आहे, सायन्सच्या पुस्तकात वाचून आलंय की संयुगातलं प्रमाण ठरलेलं असतं आणि मिश्रणातलं कसंबी चालतं. आता ते विचारायलंय की आपण डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी), बुरशीसाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद, चुना आणि पाण्याचं औषध करतो त्याचं प्रमाण तर १:१:१०० असं पक्कं ठरलेलंय, मग ते संयुग झालं ना? मला काय सांगावं कळंना.
– एक वाचक, जि. जालना

उत्तर: दादा, पोरगं हुशार आहे, फक्त त्यानं दोन वेगळी प्रमाणं एकच धरलीत. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी हे माणसानं ठरवलेलं प्रमाण आहे आणि ते बदलता येतं. कोवळी पालवी असली की ०.६ टक्क्याचं मारतात, खोडाला लावायची पेस्ट १:१:१० ची करतात, तरी ते बोर्डोच राहतं. संयुगातलं प्रमाण असं आपल्या हातात नसतं. पाण्यात वजनानं १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन, मग ते पाणी जायकवाडीचं असो नाहीतर मांजरा धरणाचं. युरियाचंही तेच, शुद्ध युरियात वजनानं साडेसेहेचाळीस टक्क्यांच्या वर थोडं नत्र बसतं, म्हणून कुठल्याबी कंपनीचं साध्या युरियाचं पोतं घ्या त्यावर ४६ टक्केच छापलेलं असतं.

आता ड्रमकडं या, कारण खरी गंमत तिथंच आहे. नुसतं मोरचूद पाण्यात विरघळवलं तर ते मिश्रण. निळंशार पाणी दिसतं, उन्हात आटवलं की मोरचुदाचे तेच निळे खडे परत मिळतात, म्हणजे मोरचूद मोरचूदच राहिलं होतं. पण त्यात चुन्याची निवळी पडली की मामला बदलतो, मोरचुदातलं तांबं चुन्याकडून हायड्रॉक्साइड घेतं आणि आकाशी रंगाचा बारीक गाळ तयार होतो, सोबत जिप्सम पण होतं. बादलीभर बोर्डो थोडा वेळ हलवू नका आणि बघा, निळं सगळं खाली बसतं आणि वरचं पाणी जवळजवळ बिनरंगी. आता ते आटवा नाहीतर फडक्यातून गाळा, मोरचूद काही परत हाती लागत नाही. म्हणजे नवीन संयुगं झाली. आणि ती संयुगं, जास्तीचा चुना आणि पाणी असं सगळं ड्रममध्ये एकत्र आहे, तर तो पूर्ण ड्रम मिश्रण. लेकराला सांगा, आत संयुगं आहेत आणि एकूण माल मिश्रण आहे, दोन्ही खरं.

जास्तीचा चुना का म्हणलो ते हिशोबानं बघा. १ किलो मोरचुदातल्या सगळ्या तांब्याला शुद्ध कळीचा चुना लागतो साधारण २२५ ग्रॅम, आपण टाकतो १ किलो! बाजारातला चुना काही शुद्ध नसतो, हवेत पडून पडून त्याची ताकद पण गेलेली असते, आणि तांबं मोकळं राहिलं तर पानं जळतात म्हणून हात सैल ठेवायचा. पण उरलेला चुना तांब्याच्या संयुगात शिरत नाही, तो चुना म्हणूनच पडून राहतो. संयुग त्याला लागेल तेवढंच घेतं, हे तुमच्या ड्रममध्येच दिसतंय, त्याला वेगळी लॅब कशाला. (जोसेफ प्रूस्त नावाच्या फ्रेंच माणसानं स्पेनमध्ये काम करताना १७९९ च्या आसपास हीच गोष्ट मांडली, आणि त्यानं पण तांब्याचंच कार्बोनेट घेतलं होतं, खाणीतलं आणि स्वतः बनवलेलं, दोन्हीत प्रमाण सारखंच निघालं.)

मोकळं तांबं राहिलंय का हे बघायला लोक विळा बुडवतात ना, ते पण लेकराला दाखवा. स्वच्छ घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून काढायचं, त्यावर तांबूस थर चढला तर समजायचं चुना कमी पडलाय. लोखंड तिथं तांब्याची जागा घेतं आणि तांबं पात्यावर येऊन बसतं, म्हणजे ही तपासणी पण रासायनिक क्रियाच आहे. म्हणून तर बोर्डो लोखंडी टाकीत करत नाहीत, प्लास्टिकचा ड्रम घ्या, दोन्ही द्रावणं वेगवेगळी करून तिसऱ्या ड्रममध्ये बरोबरच ओता आणि केलेलं त्याच दिवशी मारा, दुसऱ्या दिवशी गाळ जाड होतो, नीट चिकटत नाही.

प्रश्न: आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. पातेल्यात उकळलं की तळाला पांढरा थर धरतो. म्हणजे तो चुना पाण्यात मिसळलेला होता आणि उकळून वेगळा झाला, बरोबर ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर: अर्धं बरोबर. बोअरचं पाणी मिश्रणच, क्षार प्रत्येक बोअरला कमीजास्त. पण तो पांढरा थर जसा दिसतो तसा पाण्यात नव्हता. विरघळलेलं होतं कॅल्शियम बायकार्बोनेट, उकळल्यावर ते मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसतं. मिठाचं पाणी आटवलं तर मीठ परत मिळतं ते नुसतं वेगळं करणं, हे मात्र त्यातलं नाही. थर काढायचा असेल तर घासत बसू नका, थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबू टाकून ठेवा, फसफसून निघेल. अॅल्युमिनियमचं पातेलं असेल तर फार वेळ ठेवू नका, आंबटानं धातू झिजतो.